श्वासाची फांदी

जानेवारीतल्या एका कोरड्या सकाळी बिशारानं देवाच्या झाडाचं डोकं उतरवलं.

हियाम खाली शिडी धरून उभी होती. वरून भुसा गळत होता, केसांत, मानेवर, स्वेटरच्या गळ्यातून थेट पाठीत. खाजवायला हात सोडला की शिडी हलायची आणि वरून बापाचा आवाज यायचा, "मला मारायचा विचार आहे का गं?"

"खाज सुटलीय बाबा."

"खाजेनं कुणी मेलं नाही. शिडीवरून पडून आपल्या गल्लीतले तिघे गेले."

बिशारा गावभरची जैतुनाची झाडं छाटायचा. जन्मभर हात वर करून करवत ओढल्यामुळे त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर राहिला होता. चर्चमध्ये कोट घातला की तो मागून तराजूसारखा दिसायचा. दुसऱ्यांच्या झाडांवर तो गाणी म्हणत चढायचा. आज मात्र गाणं नव्हतं. दोन हिवाळे पाऊस पडला नव्हता. त्यात खाली, डोंगरउताराच्या तीन पायऱ्या सोडून, दगडाची खाण आली होती. तिची पांढरी धूळ रोज वर येऊन पानांवर बसायची. झाड शेंड्याकडून वाळत खाली येत होतं. आता कापलं नाही, तर मे महिन्यापर्यंत बुंध्याला पोचणार होतं.

"आधी खालून," फांदीच्या पोटाला करवत लावत तो म्हणाला, "मग वरून. का?"

"साल फाटू नये म्हणून."

"शाबास. वरूनच कापलं तर फांदी आपल्या वजनानं मोडते आणि जाताना साल सोलून नेते. झाडाला तेवढंच पुरतं मरायला."

दुपारपर्यंत झाडाचा नुसता खांब उरला. माणसाच्या कमरेएवढा जाड, चार ठिकाणी थोटका. एका थोटक्याला मात्र बापानं एक फांदी ठेवली होती. अंगठ्याएवढी जाड, दीड हात लांब, पानांनी भरलेली. मुंडन केलेल्या डोक्यावरच्या शेंडीसारखी. हियामला हसू आलं.

"ही विसरलात."

"हिला हात लावायचा नाही," बिशारा खाली उतरत म्हणाला. "हा त्याचा श्वास आहे. मुळं खालून पाणी ओढतात ती कुणासाठी? वर ओढून घेणारं कुणीतरी हवं. ही राहिली की बुंध्याला कोंबांचे डोळे फुटतात. डोळे फुटले की झाड उठतं. मग हिला कापलं तरी चालतं."

तेवढ्यात बांधापलीकडून खोकल्याचा आवाज आला. मोठा चुलता वदी काठीवर हनुवटी टेकून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"देवाची हजामत केलीस की रे."

"मरत होतं, अबू सामी." थोरल्या भावाला बिशारा त्याच्या मुलाच्या नावानं, सामीचा बाप म्हणूनच हाक मारायचा.

"मरू द्यायचं. तू काय देवापेक्षा मोठा?" वदीनं थोटक्या खांबाकडे पाहिलं, मग शेंडीकडे. "आणि झावळ्यांच्या रविवारी काय नेणार? लाकडं?"

"तोवर फुटेल. वेळ आहे."

वदी हसला नाही. त्यानं मान डोलावली, जशी माणसं आजाऱ्याच्या घरातून निघताना डोलावतात, आणि गुडघे सांभाळत निघून गेला.

त्याच्या त्या प्रश्नाला आधार होता. पणजोबा जिर्यिस विषमज्वरातून उठला, तेव्हा त्यानं हे झाड चर्चला वाहिलं आणि एक कागद करून ठेवला. दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, या झाडाची हातभर लांब हिरवी फांदी घरातल्या माणसाच्या हातानं चर्चच्या दाराशी पोचली पाहिजे. जोवर पोचतेय तोवर डोंगरावरची ही पायरी, तिच्यावरच्या तीस झाडांसकट, कुणी वाटायची नाही, विकायची नाही. ज्या वर्षी फांदी चुकेल, त्या वर्षापासून ज्याला जे करायचं ते करायला मोकळा. कागद वेदीच्या मागच्या पत्र्याच्या पेटीत होता. खाणवाला दोनदा वदीच्या घरी कॉफी पिऊन गेला होता. बिशाराच्या घरचं तेल, साबण, चुलीचं सरपण, हियामच्या शाळेचे बूट, सगळं त्या तीस झाडांवरून उतरायचं.

&nbsp;

हियाम त्या वर्षी भलतीच फुलली होती. शाळेच्या नाटकात ती राजा झाली होती, दाढी लावून, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या बहिऱ्या शिपायालाही ऐकू गेलं होतं. तेव्हापासून तिला आपला आवाज सापडला होता. सापडला तो ती घरात, विहिरीवर, बसमध्ये, सगळीकडे वापरत होती. "हिला जरा झाकण लावा," आई लबीबा म्हणायची. त्यात यंदा तिचं दृढीकरण होतं, म्हणजे सगळ्यांसमोर विश्वासाची कबुली देऊन चर्चची पूर्ण सभासद व्हायचं. पाळक मुनीब दर गुरुवारी सहा पोरापोरींना घेऊन बसायचे आणि आज्ञा, त्यांचे अर्थ, विश्वासाचे शब्द घोकून घ्यायचे. ज्या घरात पोराचं दृढीकरण असेल, त्या घरची फांदी त्या वर्षी ते पोरच नेतं. म्हणजे फांदी कुठल्या झाडाची, या पाळकांच्या दाराशी येणाऱ्या प्रश्नाला सगळ्या गावासमोर उत्तर द्यायचं होतं ते हियामनं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी तिनं चर्चच्या दाराला लावलेला कागद वाचला आणि घरी येऊन मसुराच्या वाटीत भाकरी बुडवता बुडवता सांगितलं, "बाबा, झावळ्यांचा रविवार यंदा चोवीस मार्चला आलाय. माझा झगा तोवर होईल ना यम्मा?"

लबीबा म्हणाली, "बाह्या राहिल्यात फक्त."

बिशाराचा हात वाटीतच थांबला.

"एप्रिलच्या शेवटी," तो म्हणाला.

"ते जुन्या चर्चवाल्यांचं. आपलं चोवीस मार्च. दारावर लिहिलंय."

बिशारानं डाव्या हाताची मूठ वळली आणि उजव्या बोटानं पेरं मोजली. एकदा, मग पुन्हा. वर्षभर तो ज्यांच्या झाडांवर चढायचा ते सगळे शेजारी जुन्या चर्चचे, त्यांचं पंचांगच वेगळं. त्यांचे उपास, त्यांचे सण, त्यांच्या तारखा ऐकत ऐकत त्याच्या डोक्यात त्यांचाच ईस्टर बसला होता. गेल्या वर्षी दोन्ही सण एकाच दिवशी पडले होते, तेव्हा फरक कळलाच नाही. यंदा मध्ये पाच आठवडे होते. एप्रिलअखेर बुंध्यावर वीतभर कोंब आले असते. चोवीस मार्चला काय असणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

"गावाची झाडं छाटतोस," लबीबा हळूच म्हणाली, "आणि स्वतःच्या चर्चचं दार वाचत नाहीस."

त्यानं भाकरी खाली ठेवली. तोंड धुवायला बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

&nbsp;

मग रोजचं एक काम वाढलं. शाळेतून आलं की हियामनं दोन डबे भरून झऱ्यावरून पाणी वर न्यायचं. कड्या बोटांत रुतायच्या. वाटेत तीन जागी टेकायचं, चौथ्या जागी टेकलं की उठवत नाही हे तिला कळलं होतं. बिशारा दिवसभर परक्याची झाडं करून यायचा आणि बुंध्याभोवतीची माती भुसभुशीत करायचा. दोघं वाकून सालीवरून बोटं फिरवायची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला सालीत काहीतरी टोचलं. मोहरीएवढं. दुसऱ्या दिवशी आणखी चार.

"डोळे आले बाबा."

"आले," बिशारा म्हणाला. त्यानं खिशातून डबी काढून सिगारेट वळली. अर्धा तंबाखू सांडला. "चांगले आलेत. पण हातभर नाहीत ना."

"आणि शेंडीचं काय? ती आहे की हातभर."

"तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. डोळे अजून उघडले नाहीत. आत्ता ती गेली तर हे सगळे आतल्या आत मिटतील."

खाणवाला एका दुपारी टेप घेऊन आला. सोबत वदी. त्यांनी देवाच्या झाडाच्या बुंध्याला टेपचं टोक अडकवलं आणि बांधापर्यंत मोजलं. हियाम डबे घेऊन तिथंच उभी होती, कुणी तिला बाजूला हो म्हणालं नाही, जशी ती शेळी असावी.

"अम्मो वदी," ती काकाला म्हणाली, आवाज लावूनच, "अजून रविवार व्हायचाय."

वदीनं वळून पाहिलं. "होऊ दे की. मी कुठं पळतोय? साठ वर्षं मी या पायरीची दगडं उचलली, पोरी. माझा सामी परदेशात लोकांची भांडी घासतो. मला हे गुडघे आणखी देवाला वाहायचे नाहीत, माझा वाटा विकून मोकळं व्हायचंय." मग जरा थांबून म्हणाला, "फांदी आणशील तर मी सगळ्यांच्या आधी वाट सोडीन. पण आणशील ती याच झाडाची. पानं ओळखायला तुझ्या बापाला मीच शिकवलंय."

&nbsp;

शनिवारी दुपारी हियाम झग्याला इस्त्री करून बाहेर आली, तर बिशारा गोठ्याच्या मागे बसला होता. समोर ओल्या पोत्यावर जैतुनाच्या पाच-सहा फांद्या. गर्द, तकतकीत. त्यानं ओंजळीत खाणीच्या रस्त्यावरची पांढरी धूळ घेतली होती आणि तो ती पानांवर फुंकत होता. फुंकायची, बोटानं पुसायची, पुन्हा फुंकायची. त्याच्या मिशांवर, पापण्यांवर धूळ बसली होती. म्हातारा दिसत होता.

"ह्या झऱ्यावरच्या अबू नसरीच्या झाडाच्या आहेत," हियाम म्हणाली.

बापानं मान वर केली नाही. "अबू नसरीनं विचारलंही नाही कशाला हव्यात. भला माणूस."

"पानं रुंद आहेत."

"धूळ बसली की कुणाला दिसतंय."

"अम्मो वदीला दिसतील."

"मागची बाजू कोण उलटून बघणार चर्चमध्ये?" मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या आवाजात जे आलं ते तिनं आधी कधी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकाकडे राहिलेली मजुरी मागताना तो असा बोलायचा. "तू फक्त नेहमीचं वाक्य म्हण, हियाम. पाळक विचारतील, फांदी कुठल्या झाडाची. मी वीस वर्षं म्हटलं, माझ्या बापानं म्हटलं. तू म्हण. तुझा आवाज चांगला आहे, सगळे म्हणतात."

"चर्चच्या दारात? आणि लगेच पुढच्या घटकेला गुडघे टेकून पाळकांचा हात डोक्यावर घेऊ?"

"हो."

"आठवी आज्ञा बाबा. खोट्या साक्षीची. ती मलाच विचारणार आहेत, मला माहितेय. सहा जणांत मलाच अर्थ नीट येतो."

"मग अर्थ नीट सांग," बिशारा म्हणाला आणि पुन्हा फुंकायला लागला.

लबीबा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि पदरासारखं ओढणीचं टोक तोंडावर धरून आत गेली.

&nbsp;

रविवारी उजाडताच हियाम उठली. करवत गोठ्याच्या भिंतीला खिळ्यावर होती. रात्रभर तिनं मनाशी हिशोब जुळवला होता आणि तो तिला इतका स्वच्छ दिसत होता की बापाला कसा सुचला नाही याचं तिला नवल वाटत होतं. शेंडी दीड हात होती. हातभर कापायची. खाली वीतभर, पानांसकट, राहील. तेवढा श्वास पुरे. डोळे तर आलेच आहेत, कालच तिनं सतरा मोजले होते. खोटं बोलायला नको, पायरी जायला नको, बापाला धूळ फुंकायला नको. चर्चच्या दारात ती खरं बोलेल, बापाला तिथंच कळेल, आणि मग तो कोट घालून तिसऱ्या बाकावर बसेल.

थोटकं तिच्या डोक्याच्या वर होतं. तिनं दोन दगड एकावर एक ठेवले, चढली, डाव्या हातानं फांदी खाली वाकवली आणि जिथं कापायचं होतं तिथं करवत टेकवली. पानं गालाला लागली. अरुंद, मागून चंदेरी, धुळीनं खरखरीत.

खाली गावात पहिली घंटा झाली. पोरं आधीच अंगणात जमली असणार, खजुराच्या विणलेल्या झावळ्या, त्यांत खोचलेली लिली. तिला अजून झगा घालायचा होता.

तिनं वरून करवत ओढली. तीन ओढी. चौथीला वाकवलेली फांदी तिच्या हातात ताणली गेली, कापड फाटल्यासारखा आवाज झाला, आणि ती एकदम सैल होऊन तिच्या छातीवर आली. हियाम दगडांवरून घसरून खाली बसली.

फांदी सगळीच आली होती. वीतभर ठेवायचा भागही. आणि त्याच्या बुडाला सालीची एक लांब जीभ लोंबत होती, बोटभर रुंद, आतून ओली, पांढरी. वर बुंध्यावर थोटक्यापासून थेट कमरेपर्यंत उघडा पट्टा पडला होता. त्या पट्ट्यावर कालचे सतरातले नऊ डोळे होते.

आधी खालून, मग वरून.

ती पाहत राहिली. हात लावून पाहिला, जणू परत चिकटवता येईल. दुसरी घंटा झाली. मग तिनं सालीची ती जीभ करवतीनंच कापून टाकली, फांदी झग्यातून उरलेल्या, सोबत आणलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळली आणि पळत सुटली.

&nbsp;

चर्चच्या पायऱ्यांशी सगळे थांबले होते. पोरांच्या हातात झावळ्या, बायांच्या हातात जैतुनाच्या डहाळ्या, मिरवणूक गल्लीतून फिरून आली होती आणि दार बंद होतं. दार असंच बंद ठेवतात, देवाच्या झाडाची फांदी येईपर्यंत. बिशारा कोटात उभा होता, बगलेत धुळीनं माखलेला भारा. हियाम झगा सावरत आली, उशीर झालेली, कपाळावर भुसा. बापानं भाऱ्यातली एक फांदी पुढे केली.

तिनं ती घेतली नाही. फडकं सोडलं आणि आपली फांदी वर धरली.

बिशारानं ती पाहिली. पानं पाहिली नाहीत, कापाचं टोक पाहिलं. तिथं साल कडेला फाटून दातेरी झाली होती. त्याच्या तोंडाचा रंग भिंतीसारखा झाला. भारा हळूच त्याच्या बगलेतून निसटला आणि पायांशी पडला.

दार उघडलं. पाळक मुनीब पांढऱ्या झग्यात, चष्मा नाकावर. "फांदी कुठल्या झाडाची?"

"जिर्यिसनं देवाला वाहिलेल्या झाडाची," हियाम म्हणाली. आवाज लागला, अंगणाच्या टोकापर्यंत गेला. "त्याच्या घरच्या हातानं आणली. हिरवी आणली."

नेहमीप्रमाणे इथं होसान्नाचा जयघोष व्हायचा. झाला नाही. वदी काठी टेकत पुढे आला होता.

"माफ करा, पाळक," तो म्हणाला आणि फांदीचं एक पान दोन बोटांत धरलं. उलटलं. अंगठ्यानं पुसलं. अंगठा पांढरा झाला. त्यानं पान नाकाशी नेलं, मग वाकून कापाचं टोक पाहिलं, आणि तिथं तो जरा जास्त वेळ थांबला. मग भावाकडे पाहिलं. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले, आणि हियामला पहिल्यांदाच दिसलं की त्यांचे डोळे एकसारखे आहेत.

"खरी आहे," वदी म्हणाला. टोपी काढून बाजूला झाला. "याच झाडाची आहे. वाट सोडा."

मग होसान्ना झाला. पोरांनी झावळ्या हलवल्या, ऑर्गन सुरू झाला, सगळे आत गेले. पाळकांनी तिला आठवी आज्ञाच विचारली. तिनं अर्थ एकही शब्द न चुकता सांगितला. गुडघे टेकल्यावर डोक्यावर हात आला. हात गरम होता, जड होता. तिला वाटलं होतं त्या क्षणी काहीतरी होईल. मानेवरचा भुसा टोचत होता, एवढंच झालं.

तिसऱ्या बाकावर बिशारा नव्हता.

तो झाडापाशी सापडला. कोट काढून बांधावर ठेवला होता, पण पँट लग्नातली होती आणि गुडघ्यांना चिखल. झऱ्यावरची माती, शेण आणि राख कालवून तो बुंध्याच्या उघड्या पट्ट्यावर थापत होता. वरून ओलं पोतं गुंडाळलं, दोरीनं बांधलं. हियाम झग्यातच उभी राहिली.

"मी वीतभर ठेवणार होते," ती म्हणाली.

"माहितेय."

"मला मारा बाबा."

"दोरीचं ते टोक धर," बिशारा म्हणाला. "ओढू नकोस. नुसतं धर."

&nbsp;

ईस्टर झाला. मग एप्रिलअखेर शेजाऱ्यांचाही झावळ्यांचा रविवार झाला, त्यांच्या मिरवणुकीत अबू नसरीच्या झाडाच्या फांद्या होत्या. खाणवाला परत आला नाही. एका संध्याकाळी वदी आला, ओट्यावर बसला, लबीबानं दिलेली कॉफी पूर्ण प्यायला.

"यंदाचं झालं," तो म्हणाला. "मी शब्द दिला होता. पुढच्या वर्षी सण तेरा एप्रिलला आहे. दारावर कागद लागायची वाट बघू नका." जाताना त्यानं हियामच्या डोक्यावर हात ठेवला. "आवाज छान आहे तुझा."

मे महिन्यात बिशारानं पोतं सोडलं. डोळे काळे पडून सालीला चिकटले होते, चिरडलेल्या मुंग्यांसारखे. आत हिरवं उरलंय का बघायला त्यानं नखानं बुंधा खरवडला. तपकिरी. एक वीत खाली खरवडला. तपकिरी. जमिनीशी, मुळाशी बसून खरवडला आणि मग नख सदऱ्याच्या बाहीला पुसलं. पुढच्या वर्षी फांदी नाही आणि मग पायरीही नाही, हे ओळखून जून लागताच तो खाणीत कामाला जाऊ लागला. दगड घडवायला तिरका खांदा चालतो, असं मुकादमानं सांगितलं.

हियाम शाळेतून आली की दोन डबे भरते. आता ती वाटेत एकाच जागी टेकते. खाणीतून परतताना बिशारा तिला वर चढताना बघतो, पांढऱ्या मिशांनी, पांढऱ्या पापण्यांनी. झाड मेलंय हे तिला कळतं, हे त्याला माहीत आहे. तो थांबतो, ती वर पोचेपर्यंत. ती डबे एकेक करून बुंध्याशी, हळू, गोल फिरवत ओतते. माती पाणी पिते. तो तिला नको म्हणत नाही.